सदतीस कार्डं, एक हस्ताक्षर

जळगावच्या कापड गल्लीत रतिलाल शेठच्या साडी सेंटरच्या माडीवर एक पाटी आहे: "गुप्तहेर रतिलाल. सूक्ष्म नजर, अथांग बुद्धी, अचूक निदान. वेळ: दुकान बंद असेल तेव्हा." अथांग हा शब्द शेठनी स्वतः सुचवला, दुकानातल्या झिपरूनं त्यात फक्त रंग भरला.

"गुप्तहेरांत आपला देशात तिसरा नंबर," असं शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे. पहिले दोन कोण, असं झिपरूनं एकदा विचारून पाहिलं होतं.

"ते गुप्त असतात," शेठ म्हणाले.

झिपरूला दुकानात बावीस वर्षं झाली होती. शेठनी साड्या उलगडायच्या आणि झिपरूनं घड्या घालायच्या, ही दुकानातली पद्धत. तपासातही तीच.

मे महिन्यातल्या एका सोमवारी वाचक मंडळाच्या अध्यक्षा लाडकुंवर अक्का माडी चढून आल्या. मागे सिंगानाना पावरा. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गृहस्थ एके काळचे नामी हॉकीपटू. आता निवृत्त होऊन धुळ्यात राहायचे. गेल्या वर्षी त्यांचं 'मी चुकवलेले गोल' हे आत्मचरित्र निघालं. त्यात नानांनी हातचं काही राखलं नव्हतं. ज्या गोलमुळे कप मिळाला, त्या वेळी बॉल आधी त्यांच्या पायाला लागला होता, म्हणजे खरं तर गोल बाद. अंपायरला दिसलं नाही आणि आपण चाळीस वर्षं तोंड उघडलं नाही, हेसुद्धा त्यांनी लिहून टाकलं होतं.

अक्कांनी पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला. "मंडळाचा वाचकपसंतीचा मान दरवर्षी वाचकांच्या पोस्टकार्डांवर ठरतो. यंदा नानांच्या पुस्तकाला सदतीस कार्डं आली. बाकी सगळ्या पुस्तकांना मिळून चार."

"मग देऊन टाका मान," शेठ म्हणाले.

"सदतीसही एकाच हस्ताक्षरात आहेत, रतिलाल. लोक म्हणतात, नानांनी स्वतःच लिहिली. रविवारी कार्यक्रम आहे."

नाना इतका वेळ उभेच होते. "मान राहू द्या. पण मी आयुष्यात एक लबाडी केली आणि ती छापून मोकळा झालो. ही दुसरी मी केलेली नाही. ही माझ्या नावावर चिकटली, तर आधीचं खरं सांगितलेलंही कोणी खरं मानणार नाही." झिपरूला फार वाईट वाटलं. शेठ भिंग पुसत होते.

तपास तिथंच सुरू झाला. शेठनी नानांना कागद देऊन चार ओळी लिहायला लावल्या. नानांची बोटं स्टिका खाऊन तीनदा मोडलेली. अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेला उकिरडा. कार्डांवरचं अक्षर मात्र गोल, टपोरं.

"म्हणजे नानांनी नाही लिहिली," झिपरू म्हणाला.

"म्हणजे डाव्या हातानं लिहिली." शेठनी डाव्या हातानं लिहायला लावलं. ते तर कोणालाच वाचता येईना. "पाहिलंस? किती सराईतपणे अक्षर बदलतात!"

नाना जिना उतरून गेले. झिपरू कार्डं वाचत बसला. "पहिली तीस पानं नुसती पळापळ शे. उखर्डू." "स्वतःच्या लग्नाचं दोन ओळीत उरकलं, हे बरं नाही केलं. ममता." "हरले ते प्रकरण आम्ही दोनदा वाचून घेतलं. जीवराम."

"शेठ, लेखक स्वतःच्याच पुस्तकाला अशी नावं ठेवील का?"

"तीच तर खुबी आहे."

"आणि प्रत्येक कार्डावर गाव लिहिलंय. आंबापाडा, तालुका चोपडा."

शेठनी त्याच्याकडे कीव करून पाहिलं. "अरे झिपरू, गुन्हेगार कधी स्वतःचा पत्ता देतो का? आता आंबापाडा सोडून सगळीकडे शोधायचं."

मग सगळीकडे शोधलं. त्या सामन्याचा अंपायर पाचोऱ्याला राहत होता. नानांची बदनामी करण्यात त्याचाच फायदा, हा शेठचा दुसरा सिद्धांत. म्हातारा अंपायर ओट्यावर डोळ्यांत थेंब घालून बसला होता. "बॉल पायाला लागल्याचं मलाही पुस्तकातच कळलं," तो म्हणाला. "मला तेव्हाही दिसत नव्हतं. कोणाला सांगू नका." पहूरला पोस्टकार्डं गठ्ठ्यानं बाळगणारा एक इसम सापडला, आणि शेठनी त्याला तासभर उलटसुलट विचारलं. तो पोस्टमास्तर निघाला.

शुक्रवारी दाल-बाटी खाऊन शेठ डोळे मिटून चिंतनाला बसले. चिंतन घोरायला लागलं, तसा झिपरूनं चोपड्याची एसटी पकडली. पुढं काळी-पिवळी जीप, पुढं पायी.

आंबापाड्यात एका अंगणात भुईमुगाच्या शेंगांचा ढीग घालून तीस-चाळीस बाया-माणसं सावलीला बसली होती. यंत्रानं शेंग फोडली की दाण्याला इजा होते आणि तो धड उगवत नाही. म्हणून पेरणीआधी बियाण्याच्या शेंगा हातानंच फोडतात. आज याच्या अंगणात, उद्या त्याच्या. शेंगा फोडण्यातून माफी एकालाच, जो बाकीच्यांना काही ऐकवेल त्याला. यंदा ती माफी अंगणवाडीच्या बेबाबाईला होती, आणि तिच्या मांडीवर नानांचं पुस्तक होतं.

झिपरूनं खिशातलं एक कार्ड पुढं केलं. "ताई, हे कोणी लिहिलं?"

"मीच लिखेल शे. काय व्हयनं?"

"सदतीसही?"

"बठ्ठी! ह्यास्ले लिखता येत नही. ह्या सांगतस, मी लिखस."

"पण कार्डं पाठवायची कशाला?"

बेबाबाईनं पुस्तकाचं शेवटचं पान उघडून त्याच्या नाकासमोर धरलं. तळाशी छापलं होतं: 'वाचकांनी आपला अभिप्राय अवश्य कळवावा,' आणि खाली वाचक मंडळाचा पत्ता. "अवश्य म्हणेल शे. मंग?"

ऐकणाऱ्याला वाचक म्हणायचं की नाही, यावर अंगणात दोन दिवस वाद झाला होता. शेवटी ऐंशीच्या पुढच्या कस्तुराअक्कांनी निकाल दिला, की कानानं वाचलं तरी वाचलंच; सगळ्यांनी कळवायचं, आणि एका कार्डात दोघांचं कोंबायचं नाही. जळगाव-धुळ्यात पुस्तकाच्या तीनशे प्रती खपल्या होत्या. तिथल्या शिकलेल्या वाचकांना 'अवश्य'चा अर्थ नीट ठाऊक होता, म्हणून कोणीच काही कळवलं नव्हतं.

शनिवारी झिपरूनं मंडळाच्या बैठकीत हे सांगितलं. लाडकुंवर अक्कांनी विचारलं, "आपल्यापैकी कोणी वाचलंय हे पुस्तक?" सभासद पंख्याकडे बघायला लागले. "ठीक आहे. वाचक जिथं, कार्यक्रम तिथं."

"आंबापाडा मी मुद्दामच वगळला होता," रतिलाल शेठ म्हणाले. "झिपरूची परीक्षा."

रविवारी अंगणात खुर्च्या नव्हत्या. अख्खं मंडळ ढिगाभोवती बसलं आणि प्रत्येकापुढं शेंगांनी भरलेलं सूप आलं. तिसऱ्याच शेंगेला शेठचं नख दुखावलं. लाडकुंवर अक्कांनी नानांना शाल घातली, सर्वांसमोर हात जोडून त्यांची माफी मागितली. नाना बोलायला उभे राहिले. "तुम्ही खरे निघालात, म्हणून मी खरा ठरलो," ते म्हणाले.

तेवढ्यात कस्तुराअक्कांनी विचारलं, "सिंगा, तो बॉल पायाला लागला तेव्हा दुखलं का रे?"

"तेव्हा नाही, अक्का. कप हातात आला तेव्हापासून दुखतंय."

"मग हे पुस्तकात का नाही?"

नानांनी नव्या शालीनंच डोळे पुसले. कस्तुराअक्का जरा बाजूला सरकल्या आणि त्यांनी जमिनीवर जागा केली.

"बस इथं," त्या म्हणाल्या. "तू सांग, बेबा लिहील."