पिवळं फडकं आणि पाण्याचे पाच खोके

"दहा मिनिटं," कुरामोची शिगेओ सभेत म्हणाले, "एक सेकंद जरी जास्त लागला, तर गल्लीतली गटारं वर्षभर मी एकटा उपसेन."

जपानमधल्या शिझुओकातली ती बारा घरांची गल्ली. एक सप्टेंबरच्या भूकंप सरावात घरोघरची माणसं सुखरूप आहेत हे पाहायचं आणि शाळेच्या मैदानावर कळवायचं, एवढंच काम. गेल्या वर्षी एकतीस मिनिटं लागली होती, कारण तेव्हाच्या प्रमुख उबुकाताबाई दारोदारी गुडघेदुखीची चौकशी करत फिरल्या. यंदा पाळीने प्रमुखपद कुरामोचींकडे आलं. ते निवृत्त होऊन पाच महिने झाले होते. तेवढ्या काळात हुकूम सोडायला त्यांना बायकोखेरीज कुणी मिळालं नव्हतं, आणि ती ऐकत नव्हती.

त्यांनी कार्यक्रम छापून वाटला.

८.३० : पूर्वतयारी

सुखरूप घराने फाटकाला पिवळं फडकं बांधायचं, ही रीत जुनीच. कुरामोचींची भर अशी : फडकं दिसलं की थांबायचं नाही, बोलायचं नाही. खाली दोन रेघा.

वेळ वाचावा म्हणून स्वतःच्या फाटकाला त्यांनी आत्ताच फडकं बांधलं. यादीत आपल्या नावापुढे सुखरूप असल्याचा गोल काढला आणि यादी उबुकाताबाईंच्या हाती दिली. फेरी त्या मारणार; प्रमुख मात्र जहाजाच्या कप्तानासारखे सगळ्यांत शेवटी निघणार. बायको तोमोए मैदानावर डुकराच्या मटणाचं सूप ढवळायला केव्हाच गेली होती.

राहता राहिलं, ते एकदा जाऊन येणं.

९.०० : भोंगा

भोंगा झाला तेव्हा कुरामोची हेल्मेट घालून संडासात होते. तडक उठले आणि खांद्याने दार ढकललं. दार बाहेर उघडणारं. बाहेरच्या अरुंद बोळकांडीत आणीबाणीच्या पाण्याचे पाच खोके, एकावर एक, त्यांनीच रचलेले. ते धडाधड कोसळले आणि दार नि भिंत यांच्यामध्ये पाचर मारल्यासारखे बसले. दार चार बोटं उघडत होतं. कुरामोची चार बोटांहून बरेच जाड होते.

पलीकडे साठ लिटर पाणी. अलीकडे त्यांना तहान लागली.

९.०४ : फेरी

खिडकी वहीएवढी, पण गल्लीकडची.

"उबुकाताबाई, मी अडकलोय."

"फडकं आहे ना," बाहेरून उत्तर आलं.

"फडक्याचं सोडा. मी खरंच संडासात आहे."

"सरावासाठी आवाज अगदी खरा काढलात हो, कुरामोचीसान. पण थांबू नका असं तुम्हीच लिहिलंय. दोन रेघा मारून."

पावलं पुढे गेली. मागोमाग सगळी गल्ली गेली. काहींनी खिडकीकडे पाहून अदबीने मान लववली, बोललं कुणीच नाही. अशी शिस्त त्या गल्लीत आजवर कुणी पाहिली नव्हती. कुरामोचींना, अशा अवस्थेतही, थोडा अभिमान वाटला.

९.१० : (इथे कार्यक्रमात काही छापलेलं नव्हतं)

मैदानावरचा कर्णा घुमला. दुसरा गट, म्हणजे हीच गल्ली : बारा घरं, सगळे सुखरूप, नऊ मिनिटं चाळीस सेकंद. टाळ्या. कुरामोचींनी दोन्ही मुठी वर उगारल्या. वरच्या फळीवरचे कागदाचे रोल एकेक करून हेल्मेटवर पडले.

११.१५ : समारोप

तोमोए सुपाचा डबा घेऊन आली. एकेक खोका ओढत तिने दार मोकळं केलं.

"सव्वादोन तास," ते म्हणाले. "तुला एकदाही वाटलं नाही, हा माणूस आहे कुठे?"

"अहो, वाटलं ना. म्हणून तर यादी बघितली. नावापुढे गोल होता. तुमच्याच हातचा."

सूप गार झालं होतं. ते त्यांनी संपवलं. विक्रम तर विक्रमच, हे कुणाला सांगू नकोस, म्हणाले. तोमोएने डबा विसळायला घेतला.

रविवारी सकाळी कुरामोचींच्या फाटकाला, नेमक्या फडक्याच्या जागी, गल्लीने गटार उपसायचे रबरी हातमोजे बांधून ठेवले होते. रंग पिवळा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, या घरात सगळं क्षेमकुशल आहे.