केस नंबर कार्ब्युरेटरमध्ये

रविवारी चष्मेवाल्याला फक्त झोपायचं होतं. आठवड्याचे सहा दिवस तो दुकानात उभा राहून लोकांना "हे अक्षर दिसतं? आता? आधीचं बरं की हे?" असं विचारत असे. सातव्या दिवशी आपल्याला कुणी काही विचारू नये, एवढीच त्याची आयुष्याकडून अपेक्षा उरली होती. पण सकाळी सात वाजता सासऱ्यांनी त्याच्या पायाचा अंगठा धरून हलवला.

"जावईबापू, उठा. कार्ब्युरेटर खोलू या."

सासरे आदल्या दिवशीच आले होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. सोमवारी सकाळी नऊची वेळ होती. दोन वर्षं ते हे ऑपरेशन टाळत होते; कधी कुणाचं लग्न, कधी सर्दी, कधी नुसतंच "बघू". शेवटी गेल्या खेपेला दुकानात आले आणि गॉगल घालून उभ्या असलेल्या पुठ्ठ्याच्या माणसाशी "काय, घरचे बरे आहेत ना?" म्हणून बराच वेळ बोलत राहिले, तेव्हा चष्मेवाल्याने परस्पर तारीख ठरवून टाकली. या वेळी सासरे निमूट आले, याचंच सगळ्यांना आश्चर्य वाटत होतं. तेवढ्यात रात्री जेवताना त्यांनी अट घातली.

"येतो. पण माझ्या गाडीवरून. रिक्षात बसून आजाऱ्यासारखा जाणार नाही."

ही गाडी म्हणजे पंचवीस वर्षांची मोटरसायकल. डोळ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी ती जावयाला दिली होती आणि जावयाला नाही म्हणता आलं नव्हतं. अलीकडे तिने नवीनच खोड काढली होती. पहिल्या किकला चालू व्हायची, किलोमीटरभर नीट जायची आणि मग खोकून बंद पडायची. थोडं थांबलं की पुन्हा चालू, चार पावलं गेली की पुन्हा बंद. सासऱ्यांनी अंगणात कान लावून एकदाच ऐकलं आणि निकाल दिला, "कार्ब्युरेटर."

सासरे जन्मभर कारखान्यात फिटर होते. त्यांच्या शब्दापुढे बोलायची सोय नव्हती.

उजेड चांगला म्हणून कार्ब्युरेटर जेवणाच्या टेबलावर आला. भाग धुवायला वाटीत पेट्रोल ओतलं गेलं आणि बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"अहो, गॅस पेटवायचाय मला! चहा टाकू की नको?"

"हे आवरेपर्यंत नको," चष्मेवाला म्हणाला आणि आपण काय बोलून बसलो हे त्याला हळूहळू कळलं. त्याने स्वतःही अजून चहा घेतला नव्हता.

बारीक स्क्रू म्हणजे त्याच्या हातचा मळ. तो खोलत गेला आणि सासरे प्रत्येक भाग बोटांनी चाचपून बाजूला ठेवत गेले. "डोळे लागतात कशाला? बोटांना दिसतं," असं ते म्हणत असतानाच पेट्रोल सोडणारं, डाळीच्या दाण्याएवढं पितळी जेट चष्मेवाल्याच्या चिमटीतून सुटलं. तो आणि बायको अर्धा तास टेबलाखाली रांगत होते. शेवटी सासरे पाणी प्यायला उठले, दोन पावलं चालले आणि थबकले.

"काहीतरी टोचलं," ते म्हणाले. जेट त्यांच्या टाचेला चिकटलं होतं.

त्यात कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचं पॅकिंग फाटलं. रविवारी दुकानं बंद. "त्यात काय एवढं? जाड कागद द्या," असं म्हणत सासऱ्यांनी कपाटावर चाचपून एक पुठ्ठा ओढला आणि कात्रीने इतकं नेमकं पॅकिंग कापलं, की चष्मेवाला थकवा विसरून बघत राहिला.

गाडी पहिल्या किकला चालू झाली. तो चक्कर मारायला निघाला आणि किलोमीटरभरावरच्या पाण्याच्या टाकीपाशी ती बंद पडली. दोनदा चालू केली, दोनदा बंद पडली. मग त्याने किक मारायचा नाद सोडला आणि गाडी ढकलत घरी आणली.

"फ्लोट," सासरे दारातूनच म्हणाले. "पुन्हा खोलू या."

पुन्हा पेट्रोल, पुन्हा वाटी. चहा पुन्हा नाहीच. पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची पत्ती केसभर वाकवून झाली. या खेपेला गाडी पाण्याच्या टाकीच्या पुढे वीस पावलं गेली. म्हणजे वीस पावलं जास्त ढकलावी लागली.

तो घामाघूम होऊन परतला, तर बायको दवाखान्याची पिशवी उलटीपालटी करत होती.

"बाबांचं ऑपरेशनचं कार्ड पिशवीत नव्हतं. कपाटावर सापडलं, पण हे बघा."

कार्डाच्या मधोमध मोठं, सुबक, गोल भोक होतं. नाव होतं, पत्ता होता, पण केस नंबर नव्हता.

"नंबर कुठे गेला?"

चष्मेवाल्याने भोकाकडे पाहिलं. मग अंगणातल्या मोटरसायकलकडे पाहिलं. "कार्ब्युरेटरमध्ये," तो म्हणाला.

त्याने हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "केस नंबर?"

"तोच हवाय मला, बाई."

"केस नंबर सांगितल्याशिवाय केस नंबर बघता येत नाही."

तिसऱ्यांदा कार्ब्युरेटर टेबलावर आला. चष्मेवाल्याने पॅकिंग अलगद सोडवलं, फडक्याने टिपलं आणि भिंग लावलं. छपाई पक्की होती. "चार... शून्य... दोन..." बायको लिहून घेत होती. "पुढचा आकडा स्क्रूच्या भोकात गेलाय."

"सात," सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मग एक, मग नऊ."

चष्मेवाल्याने भिंग खाली ठेवलं.

"बाबा, तुम्हाला नंबर पाठ आहे?"

"महिनाभर ते कार्ड रोज हातात घेऊन बसतोय. पाठ होणार नाही तर काय?"

"मग मघाशीच का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं का?"

चष्मेवाल्याने कात्री उचलली. साबणाच्या खोक्यातून नवं पॅकिंग कापून होईपर्यंत दिवस मावळला. त्या दिवशीचा पहिला चहा त्याने सात वाजता घेतला आणि कप हातात असतानाच खुर्चीत झोपून गेला.

सोमवारी गाडी चालू झाली आणि हॉस्पिटलच्या फाटकात शिरता शिरता बंद पडली. तेवढ्यावर सासऱ्यांची अट पुरी झाली असं सगळे धरून चालले. काउंटरवरच्या नर्सने भोक पडलेलं कार्ड उचललं, नाकाजवळ नेलं आणि विचारलं, "याला पेट्रोलचा वास कसा?"

"मोठी कथा आहे, सिस्टर," चष्मेवाला म्हणाला. "नंबर वेगळा लिहून आणलाय."

आत न्यायला आले तेव्हा सासऱ्यांनी जावयाचं मनगट धरलं. फिटरचा हात, पण बर्फासारखा गार. "फ्लोटची पिन नीट बसवलीत ना?" त्यांनी विचारलं.

"बसवली, बाबा."

"मग झालं." तरी मनगट लगेच सुटलं नाही.

ऑपरेशन पंधरा मिनिटांत आटोपलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा चढला. बायकोने रिक्षा बोलावली आणि पिशवी घेऊन ती आत बसली, पण सासरे ऐटीत मोटरसायकलवर मागे जाऊन बसले. थोडं पुढे गेल्यावर गाडी खोकली आणि बंद पडली. चष्मेवाल्याने हँडलवर कपाळ टेकलं. ढकलायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

सासरे शांतपणे उतरले. त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. आत हवा शिरल्याचा सूं आवाज झाला. त्यांनी शर्टाची टाचणी काढली, काळा चष्मा किंचित वर केला आणि झाकणाच्या मधलं बारीक भोक कोरलं. टाचणीच्या टोकाला काळी, चिकट माती आली.

"हवेचं भोक बुजलं होतं," ते म्हणाले. "हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली येणार कसं? मारा किक."

गाडी चालू झाली. पाण्याची टाकी मागे पडली, चौक मागे पडला, तरी ती चालूच राहिली. चष्मेवाल्याने गाडी कडेला घेतली आणि मान वळवली.

"बाबा, हे तुम्हाला आत्ता कळलं?"

"छे. शनिवारीच. आवाजावरूनच कळतं."

"मग कार्ब्युरेटर तीन तीनदा कशाला खोलायला लावलात?"

सासऱ्यांनी काळ्या चष्म्यातून रस्त्याकडे पाहिलं. त्यांना तो बऱ्याच वर्षांनी इतका स्वच्छ दिसत असावा.

"झाकणाचं काम दोन मिनिटांचं, जावईबापू. मला अख्खा रविवार काढायचा होता."

चष्मेवाल्याला रागवायचं होतं. पण रागवायलाही ताकद लागते, आणि खांद्यावरचा तो हात आता चांगला ऊबदार लागत होता. त्याने गाडी गिअरमध्ये टाकली.

"दुसऱ्या डोळ्याची तारीख काय दिलीय हो?" मागून प्रश्न आला.

"पुढच्या महिन्यातली. सोमवारच आहे."

"मग मी शनिवारीच येतो," सासरे म्हणाले. "क्लचच्या प्लेटा एकदा बघून घेऊ."