नरहरपंतांचा चौकोन

आमच्या शाळेत दोन पोरांनी एकमेकांची उत्तरं उतरवली की बाकीचे मास्तर छडी काढत. नरहरपंत दोघांचे पेपर शेजारी शेजारी ठेवत, समाधानाने मान डोलवत आणि दोघांनाही भोपळा देत. वर म्हणत, "दोन ओळी सारख्या, उत्तर शून्य. मी नाही दिला, तो आपोआप आला."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या दोन आत्या एकाच रंगाची इरकली नेसून पंगतीत आल्या. पंत माझ्या कानाशी लागून म्हणाले, "शास्त्रीबुवा, शून्य." आत्याबाईंनी ते ऐकलं. पुढचं जेवण आम्ही खाली मान घालून उरकलं.

मी त्या शाळेत संस्कृत शिकवत असे आणि सोलापुरात अकरा वर्षं पंतांच्या भिंतीला भिंत लावून राहत असे. ते गणिताचे. लग्न केलेलं नाही, आईवडील केव्हाच गेलेले. आकड्यांचा चौकोन मांडायचा, ठरल्या रीतीने गुणाकार आणि वजाबाक्या करायच्या, आणि शेवटी एकच उत्तर काढायचं, त्याला म्हणे निश्चयक म्हणतात; चौकोनातल्या दोन ओळी सारख्या निघाल्या की ते हटकून शून्य येतं. पंतांच्या चौकोनात आकडेही नसत, बहुपदी असत. मला बहुवचनाचं भय नाही, पण बहुपदी म्हटलं की घाम फुटतो. त्यातून या लंब बहुपदी, म्हणजे एकमेकींच्या अध्यात ना मध्यात अशा. "तापलेल्या गोळ्यात उष्णता कशी पसरते ते काढायला लागतात," पंत सांगत. सोलापुरात राहून तापलेल्या गोळ्याची गणितं करायची हौस त्यांनाच असणार.

तर या बहुपदी एका विशिष्ट तऱ्हेने चौकोनात बसवल्या की चौकोन कितीही मोठा असो, सगळं कटत कटत जाऊन शेवटी एक सुटसुटीत गुणाकार उरतो, असं पंतांच्या ध्यानात आलं होतं. सहा वर्षं ते त्याच्या मागे होते. सिद्धताही लिहून झाली. घोडं अडलं ते एवढ्यावरच, की ती बरोबर आहे असं सांगू शकेल असा एकही माणूस गावात नव्हता.

पंतांनी कुणाला सोडलं नाही. हेडमास्तरांनी कागद उलटा धरून "छान" म्हटलं. मी तर पंतांची चाहूल लागली की डोळे मिटून जप करू लागे. खोटं कशाला बोलू. समोरच्या व्यंकण्णा या तेलुगू विणकराने मात्र कागद हातात घेऊन नीट पाहिला. "पंतुलुगारू, नक्षी लई नेटकी हाय की. लुगड्याच्या काठाला घेऊ काय?" पंत इतके हरखले की त्यांनी त्याला तासभर सगळं समजावलं. बिचाऱ्याने माग बंद ठेवून ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "न्हाय जमायचं. मधी वजाबाक्या लई हायत."

अखेर पंतांनी विलायतेतल्या एका गणिताच्या मासिकाला कागद धाडले. मग सात महिने पोस्टमनची धडगत नव्हती. तो आमच्या आळीला वळसा घालून जाऊ लागला.

उत्तर आलं तेव्हा पंतांनी पाकीट माझ्या हातात दिलं; ते फोडलं मीच आणि वाचलंही मीच. तीनच ओळी होत्या. सिद्धता निर्दोष आहे. परंतु हेच सूत्र एका जर्मन गणितज्ञाने सत्तर वर्षांपूर्वी छापलेलं आहे. सबब कागद परत पाठवत आहोत.

सहा वर्षं पाण्यात गेली म्हणून मी पत्राची घडी घालू लागलो. पंत म्हणाले, "पुन्हा वाचा." मी वाचलं.

"निर्दोष म्हणतात?"

"हो."

"आणि त्यालाही हेच दिसलं होतं?"

"हेच."

पंतांनी उपरण्याने डोळे टिपले, आणि ते चक्क हसत होते. संध्याकाळी त्यांनी पेढे वाटले. मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं.

पुढे सर्वपित्री अमावास्येला ते सोवळं नेसून, तीळ आणि दर्भ घेऊन माझ्या दारात हजर. त्यांच्या वाडवडिलांचं तर्पण मी सांगितलं. ते झाल्यावर म्हणाले, "आणखी एक नाव घ्या." नाव त्या जर्मनाचं.

मी भडकलो. "अहो, त्याचं गोत्र काय सांगू? मुंज तरी झाली होती का त्याची?"

"गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं, हे तुमचंच शास्त्र."

शास्त्र माझ्याच गळ्यात आलं. मी मुकाट्याने सांगू लागलो. नावापुढे 'शर्मा' लावायचा असतो, त्यामुळे जर्मनाचा शर्मा झाला आणि मला हसू आवरेना. मग गाडी नात्यापाशी अडली. गेलेला माणूस आपला कोण, ते सांगितल्याशिवाय पाणी सोडता येत नाही.

"गुरू म्हणू?"

"गुरू नको, त्याने मला काही शिकवलेलं नाही." पंत ओंजळीकडे बघत म्हणाले. "सखा म्हणा. शास्त्रीबुवा, सहा वर्षं मला धास्ती होती, हे मला एकट्यालाच दिसतंय म्हणजे माझं डोकंच बिघडलं असणार. हा एक माणूस निघाला, ज्याच्याशी बोलता आलं असतं."

'सखा, सखायौ, सखायः' मी वीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं आहे. त्या सकाळी तो शब्द काही केल्या माझ्या तोंडातून फुटेना. मी कुठे परदेशात नव्हतो, भिंतीपलीकडे होतो. पंतांच्या ओंजळीतलं पाणी गळत चाललं होतं, तरी ते घाई न करता माझी वाट बघत उभे होते. कसाबसा मी 'अस्मत्सखायम्' म्हटलं, आणि त्यांनी उरलं होतं तेवढं पाणी सोडलं.