सुगनशेठ पिस्तूल पाहतात

आमच्या नेमबाजी क्लबात गोळी सुटायच्या आधी झाडू फिरायचा. निशाण्यांच्या मागं मातीचा बांध होता. तिथं सुगनशेठ सुताचा मऊ झाडू घेऊन उकिडवे बसत आणि मुंग्यांना हलकेच बाजूला सारत. तोवर आम्ही सगळे हात बांधून उभे. एखादी मुंगी परत फिरली की शेठही परत बसत. मग गुडघे झटकून म्हणत, "हां, आता होऊ द्या."

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. जालन्याबाहेर कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या मागं आमचा क्लब भरायचा. क्लब म्हणजे पत्र्याचं छप्पर, डुगडुगणारी टेबलं आणि पाळीपाळीनं हाताळायचं एक म्हातारं पिस्तूल. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी वर्गणी वसूल करायला असाच माणूस हवा म्हणून मला सेक्रेटरी केलेलं.

सुगनशेठ बियाण्याचे व्यापारी. घराणं राजस्थानातलं, पण पिढ्यान् पिढ्या जालन्याचंच पाणी प्यालेलं. पक्के जैन. कांदा नाही, लसूण नाही, दिवस मावळला की घास नाही. त्यांच्या घरी भाजीसुद्धा कापत नाहीत, सुधारतात. क्लबात कोणी "गोळी मारली" म्हणालं की शेठ स्वतःचे कान धरायचे. गोळी मारायची नाही, सोडायची.

असला माणूस पिस्तूल कशाला धरतो, हे मी एकदा स्पष्टच विचारलं. शेठ म्हणाले, "मास्तर, सामायिकाला ध्यान लावून बसलो तरी मला कापसाचा भाव आठवून राह्यतो. हितं नेम धरला का डोक्यातला बाजार बिलकुल बंद." मी वर्गणीची पावती फाडून दिली.

तर या शेठना स्वतःचं पिस्तूल घ्यायचं होतं. पॉइंट टू-टूचं, रिमफायर, म्हणजे ज्याच्या काडतुसाच्या बुडाच्या कडेवर ठोका बसला की गोळी सुटते. आवाज माफक, धक्का हलका, कागदाला भोक पाडण्यापुरतं. कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवून परवाना मिळाला. त्यावर ठरल्या मुदतीत खरेदी करायची होती. नाही केली तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. परवाना हातात आला आणि शेठ पिस्तूल पाहायला लागले. लोक मुलीसाठी स्थळंसुद्धा इतकी पाहत नाहीत.

धंदा बियाण्याचा, त्यामुळं पाकिटावरच्या छापावर त्यांचा विश्वास शून्य. ओल्या फडक्यात दाणे गुंडाळून, कोंब मोजून माल घेणारा माणूस. पिस्तुलाचीही त्यांनी उगवण पाहायची ठरवली. डोळे मिटायचे, हात वर करायचा, मग डोळे उघडून बघायचं की नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, मागच्या खाचेत आपोआप बसली का. औरंगाबादच्या दुकानात त्यांनी हे इतक्या वेळा केलं की दुकानदारानं चहा सांगायचंच बंद केलं. एकाची मूठ जाड, "शेजाऱ्याचा जोडा घातल्यासारखं वाटून राह्यलं." एक इतकं हलकं की हातात असल्याचं कळेना. एक सगळ्या बाजूंनी पसंत पडलं, तर त्याच्या नळीवर सिंह कोरलेला निघाला. सिंहाच्या पोटातून गोळी सोडायची म्हणजे पाप कोणाच्या खात्यावर? परत केलं.

आणि दर वेळी तेच पालुपद. "बराबर हाय मास्तर, पण..." या 'पण'नं माझा रक्तदाब वाढवला.

मग जाफराबादच्या आबासाहेबांचा पत्ता लागला. आबासाहेब जुने जमीनदार, तरुणपणी हैदराबादला जाऊन नेमबाजीच्या स्पर्धा गाजवलेले. आता काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. परवान्याच्या नूतनीकरणाचा ताप नको म्हणून मुलानं पिस्तूल विकायला काढलेलं. शेठ पाहून आले. किंमत पहिल्याच भेटीत ठरली. मी हुश्श केलं.

कसचं काय! पुढच्या रविवारी शेठ पुन्हा जाफराबादला. म्हणे, चाप थोडा जड वाटला. त्याच्या पुढच्या रविवारी मुठीचं लाकूड. मग माशी. मग वजनाचा तोल. दर रविवारी शेअरच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जायचं आणि संध्याकाळी नवी शंका घेऊन परतायचं. पार पावसाळा सरून कापूस फुटायला आला. मी पोलीस ठाण्यात चकरा मारून हस्तांतराचे कागद तयार करून ठेवले, तरी शेठचं 'पण' काही संपेना. शेवटी परवान्याची मुदत त्या आठवड्यावर आली. मी म्हटलं, "शेठ, या रविवारी मी येतो. हो किंवा नाही, तिथंच सांगायचं."

आम्ही पोचलो तेव्हा आबासाहेब ओट्यावरच बसले होते. दाढी केलेली, धोतर परीटघडीचं, डोक्याला रुमाल. जीपचा आवाज ऐकूनच त्यांनी सुनेला हाक मारली. बिनकांद्याचे पोहे आले. सून मला हळूच म्हणाली, "रविवार सोडला तर मामंजी कोणाशी बोलत न्हाईत. शनिवारपासून विचारत राह्यतात, जीप आल्ती का म्हणून."

आबासाहेबांनी पेटी मांडीवर घेतली. बोटांनी चाचपून पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि शेठच्या हातात दिलं. शेठनी डोळे मिटले, हात वर केला, डोळे उघडले. मी शेजारीच होतो. माशी खाचेत अशी बसली होती की काय सांगू! शेठ मात्र गंभीरपणे म्हणाले, "बराबर हाय आबासाहेब, पण चाप शेवटाला जरा अडून राह्यला."

आबासाहेबांचा चेहरा फुलला हो. "अडतो? मूठ आवळता तुम्ही, म्हणून अडतो." मग त्यांनी शेठचं मनगट धरलं, बोटं एकेक सोडवून पुन्हा बसवली, हैदराबादच्या एका स्पर्धेचा किस्सा सांगितला, त्यातून दुसरा काढला. तासभर तो माणूस आंधळा नव्हता. आणि माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. पिस्तूल शेठना पहिल्याच दिवशी पसंत पडलं होतं. मला एकदम त्यांचा राग यायचा थांबला.

पण मुदत तर थांबणार नव्हती. निघायच्या वेळी शेठनी पैशाचं पाकीट आबासाहेबांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "आज घेऊन जातो."

आबासाहेबांनी पेटीवरचा हात उचलला नाही. मग म्हणाले, "घ्या. तुमचंच हाय. पण आता तुम्ही कशाला येताल?"

व्यापारात एकदा सौदा झाला की शेठ मागं वळून बघत नाहीत, हे मोंढ्यातल्या सगळ्या व्यापाऱ्यांना माहीत आहे. तेच शेठ खाली मान घालून म्हणाले, "जुना माल घेतला आबासाहेब. तक्रार तर राहणारच. दर रविवारी आणतो."

आबासाहेबांनी पेटी पुढं सरकवली. "सकाळी जल्दी या मंग. उशिरा आणलेली तक्रार मी ऐकून घेत न्हाई."

परतताना शेठ पेटी मांडीवर घेऊन बसले होते. शेठाणी जाऊन दोन वर्षं झालेली, दुकान पोरांनी ताब्यात घेतलेलं. त्यांच्या घरीही रविवारी त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं, हे मला त्या जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं. भोकरदन मागं पडल्यावर शेठ माझ्या कानाशी वाकले. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"मास्तर, याच्यात तर खोट काहीच न्हाई. तुम्ही शिकलेले हाव. रविवारपर्यंत एखादी शोधून द्या ना."

मी म्हटलं, "शोधू, शेठ." आणि घरी गेल्यावर खरंच कागद घेऊन बसलो.