शेजारी ठेवलेला टोप

सरकारी योजनेच्या मॅडम पाहणीला येणार म्हणून सगुणाबाईने घर सारवल्यासारखं स्वच्छ केलं होतं. मोरिवलीच्या कारखान्यांतल्या कामगारांना ती तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांचं कालवण पुरवायची. वंचित उद्योजिकांसाठीची मदत मिळाली, तर कारखान्याच्या गेटासमोरचा गाळा तिचा होणार होता.

तेवढ्यात पुतण्या अल्पेश आला. तो समाजसेवक होता. म्हणजे त्याला दुसरं काम नव्हतं.

"काकी, येडी हायस काय? यवढे टोप बगून मॅडम तुला वंचित बोलल? हटव सगला!"

टोप, शेगडी, रटरटतं कालवण, सगळं शेजारच्या कौसाबाईकडे गेलं. कौसाबाई सगुणाबाईची जुनी मैत्रीण. स्वयंपाकाचा तिला पहिल्यापासून कंटाळा.

"नुसती ढवलत रा गो," सगुणाबाईने बजावलं. "खाली लागला नाय पायजे."

मॅडम आल्या. रिकाम्या घरावरून त्यांची नजर फिरली.

"व्यवसाय कुठाय तुमचा?"

अल्पेशने पढवलेलं सगुणाबाई बोलली, "आमचा कायच नाय, मॅडम."

"चमचा पन नाय," अल्पेशने भर घातली.

"अहो, मग मदत कशाला देऊ? योजना उद्योजिकांसाठी आहे!"

इतक्यात भिंतीपलीकडून कालवणाचा घमघमाट आला. मॅडम वासामागे निघाल्या. कौसाबाई घाम पुसत, मनोभावे ढवळत बसली होती.

"वा! किती वर्षं करताय?"

"लगीन झाल्यापासना रांधतंय," कौसाबाई म्हणाली. ते खरंच होतं.

"मॅडम, टोप माजा हाय! धंदा माजाच हाय!" सगुणाबाई ओरडली.

"बाई, आत्ताच तर तुमच्याकडे चमचाही नव्हता," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कौसाबाईचा फोटो काढला.

मदत कौसाबाईला मंजूर झाली. गाळाही तिच्याच नावावर झाला. तिने कपाळाला हात लावला आणि रांधायला सगुणाबाईला पगारावर ठेवलं. दुसरं करणार काय?

उद्घाटनाला मॅडमनी भाषण केलं. "कौसाबाई नुसत्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या नाहीत, एका गरजू शेजारणीलाही त्यांनी रोजगार दिला!" अल्पेशने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. सगुणाबाईनेही वाजवल्या असत्या, पण हात पिठात होते.

जेवताना मॅडम बोटं चाटत राहिल्या. कौसाबाई लगबगीने आत आली.

"सगुणे, मॅडम इचारतान, कालवन यवढा भारी कसा होतो?"

सगुणाबाईने तव्यावरची भाकरी उलटली.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "पयला टोप शेजारी ठेवाचा."