जावईबापूंचा फिल्टर

सोमवारी सासऱ्यांची लायसन्सच्या नूतनीकरणाची परीक्षा होती आणि ते तीत नापास व्हावेत, अशी घरातल्या सगळ्यांची मनापासून इच्छा होती. वय पंच्याहत्तर, पण वळणावरसुद्धा ब्रेकला पाय लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. सासूबाईंनी तर त्यांच्या शेजारी बसणंच सोडलं होतं.

जावईबापू दातांचे डॉक्टर. मनातून सासूबाईंच्या बाजूचे, पण सासऱ्यांना संशय नको म्हणून रविवारी त्यांनी गाडीला बाजारातला नवा एअर फिल्टर बसवला. तेल लावून वापरायचा.

"आता गाडी कशी मोकळा श्वास घेईल बघा, बाबा!"

सोबतच्या कागदावर 'तेल बेतानं लावा' असं होतं. जावईबापूंचा हात सढळ. अख्खी बाटली रिकामी झाली.

सोमवारी परीक्षक शेजारी बसले, जावईबापू मागे. आरटीओच्या फाटकाबाहेर पडताच गाडीनं दोन गचके दिले, स्टिअरिंगमागे इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि तिनं जी मान टाकली, ती वीसच्या वर जाईना. सासऱ्यांनी पाय पार तळाला टेकवला. एका सायकलवाल्या आजींनी त्यांना मागं टाकलं. सासरे रागानं लालबुंद झाले, पण परीक्षकांसमोर बोलतात काय!

परीक्षक मात्र सीटवर हळूहळू सैलावले.

"काका, सकाळपासून एकेकानं नुसता जीव टांगणीला लावला होता. एवढ्या संयमानं चालवणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला. पास!"

तिथून गाडी रडतखडत गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिकनं फिल्टर बाहेर काढला, तर बोटांवरून तेल ओघळलं.

"साहेब, फिल्टर काही वाईट नाही. पण तुम्ही त्याला अंघोळच घातलीत. जास्तीचं तेल हवेबरोबर आत गेलं आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं. त्याला बिचाऱ्याला हवा किती येतेय तेच कळेना, मग इंजिन ओढणार कसं?"

त्यानं स्प्रे मारून सेन्सर साफ केला आणि जुना फिल्टर परत बसवला. गाडी पूर्वीसारखी उधळली.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि जावयाकडे रोखून पाहिलं.

"तुमच्यामुळे पास झाले ना? मग यापुढे त्यांच्या शेजारी तुम्ही बसायचं."

"वा! चला, दवाखान्यात सोडतो," सासरे खुशीत म्हणाले.

वीस मिनिटांचा रस्ता सात मिनिटांत संपला. पहिल्या पेशंटनं घाबरत विचारलं, "डॉक्टर, मी खुर्चीत बसू?"

"थांबा जरा," भिंतीला धरत डॉक्टर म्हणाले, "आधी मी बसतो."