पातळ कढी आणि लाखेभाऊ

दिगंबर लाखे तेरवीच्या पंगतीतही कढीची चव घेऊन डोळे मिटायचे. आमच्या गल्लीतल्या नामदेवरावांच्या तेरवीला त्यांनी डोळे उघडले आणि मुंडण केलेल्या मुलाला विचारलं, "मेथीची फोडनी कोनं देली?" मुलाला वाटलं, सांत्वन करतायत. तो रडत म्हणाला, "आचाऱ्यानं." चार दिवसांनी, मध्य प्रदेशातल्या आमच्या गावापर्यंत येणाऱ्या नागपूरच्या मराठी पेपरात आतल्या पानावर बातमी आली: 'बालाघाटचे ज्येष्ठ नागरिक नामदेवराव यांची तेरवी शोकाकुल वातावरणात पार पडली. कढी पातळ होती.'

नामदेवरावांच्या घरच्यांनी वर्षभर लाखेभाऊंचं तोंड पाहिलं नाही. बातमीचं कात्रण मात्र फ्रेम करून लावलं, कारण वडिलांचं नाव पेपरात आलं होतं. आमचं गाव असं आहे.

लाखेभाऊ स्वतःला स्वतंत्र पत्रकार म्हणवत. स्वतंत्र म्हणजे पगार नाही. लग्न केलं नव्हतं, तिथेही स्वतंत्रच. सायकलच्या मडगार्डावर आणि काळ्या छत्रीवर त्यांनी पांढऱ्या रंगात 'प्रेस' लिहून घेतलं होतं. बदली होऊन आलेल्या एका साहेबांच्या चपराशानं ते वाचून त्यांच्या हातात चुरगळलेल्या शर्टांचं गाठोडं दिलं आणि बजावलं, "कॉलर पे ध्यान देना." लाखेभाऊंनी गाठोडं परत केलं आणि 'जिल्ह्यात पत्रकारितेची अवहेलना' असा मजकूर नागपूरला धाडला. पेपरानं तो छापला नाही. त्या आठवड्यात मुन्नालालच्या हॉटेलातल्या आलूबोंड्यात आलू कमी असल्याची बातमी छापली.

आमच्या वॉर्डात काय शिजलं, कोणाच्या हळदीकुंकवात काय वाटलं, गणपतीच्या प्रसादात साखर किती, हे सगळं त्यांचं क्षेत्र. कोणी हटकलं तर म्हणत, "मी खाऊन नाई राह्यलो, नोंद घेऊन राह्यलो." नोंद घेता घेता जिलब्यांचं ताट रिकामं व्हायचं. लोक त्यांच्या मागे त्यांना भुक्कड म्हणत आणि पुढे त्यांच्या पानात दोन जिलब्या जास्त वाढत. माझ्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी एक माणूस खास त्यांच्यामागे ठेवला होता, मठ्ठ्यानं काठोकाठ भरलेला गंज घेऊन. तरी छापून आलंच: 'मठ्ठा भरपूर होता, किंबहुना मठ्ठाच होता.' वडिलांनी लाखेभाऊंचं नाव त्या दिवसापासून घरात उच्चारू दिलं नाही.

मग रामनवमीचा भंडारा झाला. राइसमिलवाल्या सेठजींनी अर्धं गाव जेवायला बोलावलं. आमच्याकडचा चिन्नोर तांदूळ शिजला की शेजारच्या घरातल्या माणसाला भूक लागते. त्या दिवशी कोणालाच वास आला नाही, कारण पानात कनकी होती. तुटका तांदूळ. सगळ्यांना कळलं. सगळ्यांनी बोटं चाटून "सेठजी, आनंद आ गया" म्हटलं. लाखेभाऊंनी लिहिलं: 'चिन्नोरच्या गावात, मिलच्या मालकाच्या पंगतीत, कनकी वाढण्यात आली. भक्तांची संख्या मोठी होती, तांदळाचा दाणा लहान होता.'

सेठजींच्या जाहिराती त्याच पेपरात येत. पुढच्या आठवड्यात लाखेभाऊंचा मजकूर आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नागपूरहून निरोप आला की बालाघाटच्या बातम्यांची सध्या गरज नाही.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. पुढच्या लग्नात त्यांना पंगतीच्या टोकाला जागा मिळाली, आणि जिलबीवाला त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत त्याची परात संपली. ज्यांच्या घरी त्यांचं कात्रण भिंतीवर होतं, तेसुद्धा हसून म्हणाले, "काहून लाखेभाऊ, आमची कढी छापता का नाई?" लाखेभाऊ जेवण अर्ध्यावर टाकून उठले. त्यानंतर ते पंगतीत दिसले नाहीत. गावानं मोकळेपणानं पातळ कढी करायला सुरुवात केली.

त्या दिवाळीत आईनं मला चकल्यांचा डबा घेऊन गंगाबाई मेश्रामांकडे पाठवलं. गंगाबाई सरकारी दवाखान्यातल्या जुन्या नर्स. बुद्धविहाराच्या मागे राहत. त्यांची दृष्टी गेली होती. मुलगी गोंदियाला दिलेली. आसपास सगळी हिंदी बोलणारी वस्ती, मराठी वाचून दाखवणारं कोणी नाही.

दारात पोचलो तर आतून लाखेभाऊंचा आवाज आला. "आमच्या वार्ताहराकडून. वॉर्डात नळास पाणी आले. महिलांनी समाधान व्यक्त केले. बसस्टँडवरील नव्या हॉटेलात पाटोडी-रस्सा सुरू झाला असून रस्सा झणझणीत आहे. पाटोडी लाजाळू आहे."

"लाजाळू म्हंजे?" गंगाबाईंनी विचारलं.

"रश्श्यात तोंड लपवून बसते. शोधा लागते."

गंगाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी आत डोकावलो. लाखेभाऊ खुर्चीवर बसले होते. मांडीवर पेपर होता, तोही हिंदी, आणि त्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ते छताकडे पाहून वाचत होते.

मला पाहताच त्यांनी घाईनं पेपराची घडी घातली. "ताजा अंक आला आज," ते म्हणाले. "बाईले वाचून दाखवून राह्यलो." छत्री उचलून ते माझ्या बाजूनं निघून गेले.

मी डबा ठेवला. बाईंना खरं सांगावं की नाही, या विचारात उभा राहिलो. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "मले माहीत हाय."

"काय?"

"त्याचं पेपरात येनं बंद झालं ते. माह्या पोरीकडं गोंदियाले तोच पेपर येते. ती म्हने, बालाघाटचं एक अक्षर नसते त्याच्यात."

"मग तुम्ही त्यांना बोलल्या नाही?"

"काहून बोलू?" त्यांनी चाचपडत डब्याचं झाकण उघडलं. "माहे डोये गेले, तं चार जन येऊन बसतात माह्याजवळ. त्याच्या घरी कोन जाऊन बसते? एक दिवस माहं डोस्कं दुखत होतं. म्हनलं, आज नोको वाचू, जाय घरी. हौ म्हने. मी निजून उठली, तं पायरीवर खाकरल्याचा आवाज आला. गेलाच नवता तो. तवापासून मी नाई म्हनत नाई."

त्यांनी चकलीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मी निरोप घेऊन बाहेर आलो.

कोपऱ्यावरच्या हातपंपाशी लाखेभाऊ उभे होते. छत्री काखेत, मान तिरकी. पाणी भरणाऱ्या एका बाईला ते फार गंभीरपणे विचारत होते, "आज घर में क्या बना, बाई?"

"करेला," ती हात न थांबवता म्हणाली.

"भरवां, कि सादा?"